पिन बसली, पण केबल चुकली : भाच्याच्या पहिल्या पीसीचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण माझ्या भाच्याचं. त्याला विचारूनच लिहून राहिलो, पण नाव-गाव घालत नाही, दारव्हा तालुक्यातलं एक खेडं एवढं पुरे. पोरगा बी.ए. झाला, घरची सहा एकर कोरडवाहू, अन् तीन-चार वर्षांपासून आजूबाजूच्या गावात लग्नाचे, साखरपुड्याचे, बारशाचे फोटो-व्हिडिओ काढतो. हात चांगला आहे त्याचा. अडचण एकच, एडिटिंगला जुनाच असेंबल कॉम्प्युटर होता, एक तासाचा लग्नाचा व्हिडिओ एक्स्पोर्टला लावला की हा जेवून, वावरात चक्कर मारून परत यायचा तरी अर्ध्यातच असायचा.

त्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये दोन हार्ड डिस्क होत्या. एक १६० जीबीची, तिच्यावर विंडोज. दुसरी १ टीबीची, तिच्यात सगळा डेटा, ६४० जीबीच्या जवळपास. त्यात दोन लग्नं अशी होती की अल्बम द्यायचे बाकी, पैसे अर्धे घेतलेले, अन् कॅमेऱ्याची कार्डं पुढच्या कामासाठी कधीचीच फॉरमॅट मारलेली. अजून एक फोल्डर होतं तीनेक जीबीचं, त्याच्या आजीचं. म्हणजे माझ्या आईचं. आई जायच्या आधीच्या कोजागिरीला त्याने तिला ओसरीवर बसवून भुलाबाईची गाणी म्हणायला लावली होती, मधे मधे ती विसरते, माझी ताई, म्हणजे भाच्याची आई, तिला आठवण देते, तसं सगळं रेकॉर्ड आहे. हे सगळं एकाच डिस्कवर होतं. दुसरी पूर्ण कॉपी कुठेच नव्हती, एका जुन्या पोर्टेबल डिस्कमध्ये एका लग्नाचे निम्मे फोटो तेवढे होते.

सोयाबीन विकलं, हातात पैसे आले, तुळशीच्या लग्नानंतर सीझन सुरू होणार, म्हणून दिवाळी झाल्या झाल्या त्याने ठरवलं की पीसी आता स्वतःच जोडायचा. रायझन ५ ५६००जी प्रोसेसर, १६ जीबी रॅम, मदरबोर्ड, कॅबिनेट अन् ५०० जीबीची साटा एसएसडी (फिरती चकती नसलेली, केबलने जोडायची वेगवान डिस्क) हे सगळं नवीन. डेटाची १ टीबी डिस्क जुन्यातली काढून यात टाकायची.

एसएमपीएस, म्हणजे पीसीला लाइट देणारा डबा, मात्र त्याने जुना घेतला, नागपूरच्या एका पोराकडून, ६५० वॅटचा मॉड्युलर, २८०० रुपयांत. मॉड्युलर म्हणजे ज्याच्या केबली डब्याला कायमच्या जोडलेल्या नसतात, आपण हव्या तेवढ्या लावायच्या. चांगल्या कंपनीचा होता, खराब नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो. पण खरं पाहता त्याच्या पीसीला वेगळं ग्राफिक्स कार्डच नाही, सगळं मिळून लोड दीडशे वॅटच्या वर जाणं कठीण. पाचशेच्या आसपासचा नवीन, फिक्स वायरीचा एसएमपीएस ४५०० ला भेटत होता. १७०० रुपये वाचवले, अन् पुढचं सगळं तिथून सुरू झालं.

मी स्वतः मोटार वाइंडिंग अन् घरगुती वायरिंगचं काम करतो, पीसी आतापर्यंत दहा-बारा जोडलेत. त्यामुळे फोन मलाच यायचे.

अडचण

पार्सल उघडल्यावर कळलं की एसएमपीएससोबत २४ पिनची मदरबोर्डची केबल आहे, ४+४ ची सीपीयूची आहे, ग्राफिक्स कार्डच्या ६+२ च्या दोन आहेत, पण हार्ड डिस्कला लाइट देणारी साटा पॉवरची केबल नाही. आधीच्या मालकाने फक्त एम.२, म्हणजे सरळ मदरबोर्डात बसणारी एसएसडी, वापरली असल, तिला वेगळी केबल लागतच नाही, म्हणून ती कुठेतरी पडून राहिली.

भाच्याने मला फोन केला, "मामा, हार्ड डिस्कची लाइटची केबलच नाही यात, काय करू?" मी तेव्हा एका विहिरीवर मोटार उतरवत होतो. मी म्हटलं, "साटाची म्हण दुकानात, भेटते." एवढंच बोललो अन् फोन ठेवला. एसएमपीएस मॉड्युलर आहे का, हे मी विचारलं नाही. हा या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा क्षण होता असं मी आज मानतो, अन् त्या जागी मी होतो, भाचा नाही.

तो तालुक्याच्या एका दुकानात गेला. तिथे खोकंभर सुट्या केबली. त्यातून त्याने एक काढली, काळी, चपटी, एका टोकाला ६ पिनचा प्लग, दुसऱ्या टोकाला साटाचे दोन कनेक्टर. घरी आणून एसएमपीएसला लावली तर क्लिप टक करून बसली. दुकानदाराने दिली, प्लग बसला, मग शंका घ्यायला पोराकडे कारणच नव्हतं.

बाकीची जोडणी त्याने चांगली केली होती. ४+४ ची सीपीयूची अन् ६+२ ची ग्राफिक्सची या दोन्ही दिसायला सारख्या असतात, दोन्हीत आठ पिना, पण एकीत जिथे १२ व्होल्ट तिथे दुसरीत ग्राउंड, म्हणून जोर लावून चुकीची घुसवली तर सरळ शॉर्ट. ते त्याने पिनांचे आकार पाहून बरोबर लावलं. मदरबोर्ड खाटेवर पुठ्ठा ठेवून, गोधडीवर नाही. थंडीच्या दिवसात आपल्याकडे हवा अशी कोरडी असते की स्वेटर काढताना चटचट आवाज येतो, तर तो अधूनमधून लोखंडी खिडकीला हात लावत होता. सगळं नीट. मग एसएसडी अन् जुनी १ टीबी, दोन्ही त्याच एका केबलवर लावल्या, अन् बटन दाबलं.

पंखा अर्धा वेढा फिरला अन् बंद.

परत दाबलं, तेच. मागचं बटन बंद करून चालू केलं, परत तेच. चार-पाच वेळा केलं म्हणाला. मग त्याने डोकं चालवून एकेक वस्तू काढायला सुरुवात केली, रॅम काढून लावली, काही नाही. साटाची केबल एसएमपीएसमधून ओढली तर पीसी मस्त चालू झाला, बायोस, म्हणजे मदरबोर्डची स्वतःची सेटिंग, स्क्रीनवर आलं. त्यावरून त्याने काढलेला अर्थ असा, की जुनी डिस्क खराब झाली असल. अन् ते पाहायला तो आता पोर्टेबल डिस्कचं कव्हर खोलून आतली डिस्क त्याच केबलवर लावून पाहणार होता. त्याआधी फोन आला हे नशीब.

"मामा, बटन दाबलं का पंखा हलते अन् बंद पडते. हार्ड डिस्क काढली का चालते. दुसरी लावून पाहू का?"

"काईच लावू नको बाबू. पहिले पिन काढ भिंतीच्या बोर्डातून. ते केबल कोठची आणली?"

"दुकानातून, तुमीच त म्हणले. बसली न मामा बराबर, जोर बी नाही लावा लागला."

तेव्हा माझ्या पोटात गोळा आला.

कारण असं आहे. साटा पॉवर केबलच्या डिस्ककडच्या टोकाला स्टँडर्ड आहे, १५ पिना, जगात कुठेही जा, मधल्या तीन पिनांवर ५ व्होल्ट, एका टोकाच्या तिन्हींवर १२ व्होल्ट, दुसऱ्या टोकाला ३.३, अन् मधे मधे ग्राउंड. पण एसएमपीएसकडच्या टोकाला असं कोणतंच स्टँडर्ड नाही. कोणत्या भोकातून ५ काढायचे अन् कोणत्यातून १२ हे ती ती कंपनी आपल्या मनाने ठरवते, अन् एकाच कंपनीच्या दोन मॉडेलमध्येसुद्धा फरक असू शकतो. प्लगचा साचा मात्र बहुतेकांचा सारखा. म्हणून दुसऱ्याची केबल बसते, क्लिप लागते, अन् १२ व्होल्ट ५ च्या जागेवर जाऊन उभे राहतात. जुन्या फिक्स वायरीत निदान लाल म्हणजे ५, पिवळी म्हणजे १२ असा रंग तरी होता, या नवीन केबली आख्ख्या काळ्या, डोळ्याला काही कळायची सोयच नाही.

आधी खात्री

मी संध्याकाळी गेलो. पहिले गोष्ट मोजून पाहायची होती, अंदाजावर पुढचं ठरवायचं नव्हतं. केबल एसएमपीएसला लावली पण डिस्कचं टोक मोकळं ठेवलं, पीसी चालू केला, मल्टिमीटरची काळी दांडी कॅबिनेटच्या उघड्या स्क्रूला, लाल दांडीला शिवायची बारीक सुई गुंडाळली अन् साटाच्या मधल्या पिनेवर टेकवली. तिथे ५ पाहिजे, ४.७५ ते ५.२५ पर्यंत चालते. मीटरवर १२.१ आलं. टोकाच्या पिनेवर जिथे १२ पाहिजे तिथे ५.०. ताई चहा घेऊन दारात उभी होती, तिला आकड्यांतलं काही कळत नव्हतं पण आम्हा दोघांची तोंडं पाहून ती काही विचारत नव्हती.

मग जुनी डिस्क हातात घेतली. तिच्या साटाच्या पिनांवर मीटर बीपला लावून ५ ची पिन अन् ग्राउंड पाहिलं, तर सलग बीप. म्हणजे आतून पूर्ण शॉर्ट. तुलनेसाठी जुन्या कॉम्प्युटरची १६० वाली काढून तशीच मोजली, तिच्यात बीप नाही. १ टीबीची १२ व्होल्टची बाजू मात्र बरोबर होती.

इथे एक चांगली बातमीही लपली होती. ३.५ इंची हार्ड डिस्कच्या बोर्डावर पॉवर कनेक्टरच्या जवळ बहुधा दोन छोटे डायोड असतात, टीव्हीएस डायोड म्हणतात, एक ५ च्या लाइनला, एक १२ च्या. व्होल्टेज वाढून आलं की तो डायोड स्वतः जळून शॉर्ट होतो अन् मागचा सर्किट वाचवतो. शॉर्ट झाला की एसएमपीएसचं प्रोटेक्शन ट्रिप होते, पंखा अर्धा वेढा फिरून बंद पडत होता तो त्यामुळेच. म्हणजे डिस्क मेलीच असं नाही, तिच्या दाराशी बसलेला राखणदार गेला, आतलं घर कदाचित शाबूत. कदाचितच. चार-पाच वेळा बटन दाबलं गेलं होतं, अन् दर वेळी क्षणभर का होईना १२ व्होल्ट आत जायला बघत होते.

एसएसडी मात्र मोजून काही कळेना, शॉर्ट दाखवत नव्हती. नंतर चांगल्या पॉवरवर लावली तर कुठेच दिसली नाही. ती २.५ इंची एसएसडी चालतेच ५ व्होल्टवर, तिला १२ भेटले. ती गेली.

पर्याय काय होते

त्या रात्री जेवताना आम्ही चौघं, मी, भाचा, ताई अन् भाऊजी, हेच बोलत होतो.

पहिला पर्याय, डिस्क जशी आहे तशी नागपूरला डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्यायची. फोनवर एकाने पाहिल्याशिवाय भाव सांगणार नाही म्हटलं, पण कमीत कमी आठ-दहा हजार धरून चला म्हणाला. पीसीत आधीच सगळे पैसे गेले होते. भाऊजींचं म्हणणं, रब्बीचं बियाणं राहिलं तरी चालेल पण लोकांचं लग्न गेलं तर पोराचा धंदा बसला. ते बरोबरच होतं.

दुसरा, सेम मॉडेलच्या डिस्कचा बोर्ड मागवून बदलायचा. ऐकायला सोपं वाटते, पण बोर्डावर एक छोटी रॉम चिप असते, तिच्यात त्याच एका डिस्कची स्वतःची मापं साठवलेली असतात, ती चिप जुन्या बोर्डावरून काढून नव्यावर बसवल्याशिवाय डिस्क वाचत नाही. अन् मॉडेल नंबर सारखा असून बोर्डाचा नंबर वेगळा निघतो तो त्रास वेगळाच. आठ-दहा दिवस त्यातच गेले असते.

तिसरा, शॉर्ट झालेला ५ चा डायोड काढून टाकायचा. डायोड काढला तर डिस्क चालते, फक्त राखण राहत नाही, म्हणून तिला एकदाच, खात्रीच्या पॉवरवर चालवायची, डेटा उचलायचा अन् बाजूला ठेवून द्यायची. धोका हा की हात चुकला तर बोर्डाची तांब्याची पट्टी उखडते अन् मग रिकव्हरीवाल्याचं कामही कठीण अन् महाग होते.

भाच्याला तिसरा लगेच करायचा होता, त्याच रात्री, घरच्या सोल्डरिंगने. तिथे मी नाही म्हटलं. डायोड दाण्याएवढा, माझा सोल्डरिंग मोटारीच्या जाड तारांचा. शेवटी असं ठरलं की तिसराच करायचा पण तालुक्यात एक मोबाइल रिपेअरवाला आहे, त्याच्याकडे हॉट एअर, म्हणजे गरम हवेने सोल्डर वितळवायचं मशीन आहे, भिंग आहे, त्याच्याकडून. अन् एकच प्रयत्न. डायोड निघाल्यावर शॉर्ट गेला नाही किंवा डिस्क फिरताना टकटक आवाज आला तर तिथेच थांबायचं, डिस्क नागपूरला न्यायची, पैशाचं पाहू. ही थांबायची रेघ आधी ओढून ठेवली हे चांगलं झालं, कारण त्या वेळी माणसाला अजून एकदा करून पाहू असंच वाटत राहते.

काय केलं

दुसऱ्या दिवशी सकाळी डिस्कचा खालचा बोर्ड सोडवला, चांदणीच्या आकाराचे बारीक स्क्रू असतात, साध्या पेचकसाने प्रयत्न करू नका, डोकी गोल होतात. मोबाइलवाल्या पोराने भिंगाखाली दोन्ही डायोड दाखवले, मीटरने ५ चा कोणता ते पक्कं केलं, दोन्हीकडून शून्य दाखवणारा तोच. फ्लक्स लावला, हवा मारली, अन् चिमट्याने तो काळा तुकडा उचलला तेव्हा त्याच्या पोटाला एक तपकिरी डाग होता. परत मोजलं, बीप गेला. पोराने पैसे घ्यायला नाही म्हटलं, मी जबरदस्तीने दोनशे ठेवले.

डिस्क नवीन पीसीला लावायची नाही हे मी आधीच सांगितलं होतं. जुना कॉम्प्युटर होताच, त्याचा एसएमपीएस साधा, फिक्स वायरीचा, लाल-पिवळ्या वायरी डोळ्याला दिसतात, तरी त्याचंही व्होल्टेज मोजून घेतलं. भाच्याच्या घरात लाइटच्या बोर्डाची एक अडचण होती, एक्स्टेन्शनच्या पिनेची अर्थिंगची जाड पिन कोणीतरी कापून टाकलेली, अन् कॅबिनेटला टेस्टर लावला तर लाल दिवा लागत होता. हात लावला की मुंग्या. ते काही एसएमपीएसचा दोष नाही, आतले फिल्टरचे कॅपॅसिटर थोडा करंट बॉडीवर सोडतात, तो अर्थिंगमधून गेला पाहिजे, अर्थिंग नसेल तर बॉडीतच राहते. अशा बॉडीत उघडा बोर्ड नाही ठेवायचा. म्हणून सगळं उचलून माझ्या घरी आणलं, तिथे अर्थिंग पक्की आहे अन् इन्व्हर्टर आहे. कृषी पंपांची पाळी बदलली की संध्याकाळी आपल्याकडे व्होल्टेज कसं नाचते ते सगळ्यांना माहीतच, कॉपी चालू असताना लाइट गेलेली चालणार नव्हती.

डिस्क फोमच्या तुकड्यावर ठेवली, सपाट. चालू केलं. भाच्याने तिच्यावर बोटं टेकवली होती, म्हणाला, "फिरून राह्यली मामा." मलाही ऐकू आलं, ती हलकी भुणभुण चढत जाते अन् मग एकदाच टक होते, हेड वाचायला बसला की येते तो आवाज. टकटकटक नाही, एकदाच. दोन मिनिटांनी स्क्रीनवर डी ड्राइव्ह उघडला, फोल्डर जसेच्या तसे.

पहिले काय उचलायचं यावर भाचा म्हणाला लग्नं, लोकांचे पैसे घेतलेत. मी काही बोललो नाही. मग तोच म्हणाला आजीचं तीनच जीबी आहे, दोन मिनिटं लागतात, पहिले तेच करू. केलं. मग दोन बाकी लग्नं, मग उरलेलं सगळं. जुन्या कॉम्प्युटरला यूएसबी २.० च, सेकंदाला तीस एमबीच्या वर जाईना, ६४० जीबीला रात्रीचे सहा-सात तास गेले. नवीन आणलेल्या २ टीबी पोर्टेबलवर. मधे दोनदा लाइट गेली, इन्व्हर्टरने सांभाळलं. डिस्कवर हात ठेवून ठेवून पाहत होतो गरम होते का. पहाटे साडेचारला संपलं. एकूण चार फाइली उघडल्या नाहीत, त्या कोण्या जुन्या बारशाच्या होत्या.

मग पीसी. तो ६५० चा एसएमपीएस बाजूला ठेवला अन् ५५० चा फिक्स वायरीचा नवीन घेतला. मेलेल्या एसएसडीच्या जागी ५०० जीबीची एनव्हीएमई एम.२ घेतली, तिला ना पॉवर केबल ना डेटा केबल, तिरकी घालायची, दाबून सपाट करायची, टोकाला एक बारीक स्क्रू. वेगातही साटाची एसएसडी सेकंदाला साडेपाचशे एमबीच्या आसपास थांबते, ही तीन हजारांच्या वर जाते. साध्या भाषेत, वायरीचीच भीती बसलेल्या पोराला हे फार आवडलं. विंडोज टाकताना बाकी कोणतीच डिस्क जोडली नाही, नाहीतर विंडोज आपला बूटचा भाग भलत्याच डिस्कवर टाकते अन् पुढे ती डिस्क काढली की पीसी उठतच नाही.

नंतर नवीन २ टीबीची आतली हार्ड डिस्क लावली तर ती बायोसमध्ये दिसेना. भाच्याचा चेहरा उतरला. ते मात्र साधं होतं, काही मदरबोर्डवर एम.२ ची जागा भरली की साटाचे एक-दोन पोर्ट बंद होतात, पुस्तकात लिहिलेलं असते. डेटा केबल दुसऱ्या पोर्टला लावली, आली.

निकाल

दोन्ही अल्बम गेले, एक अकरा दिवस उशिरा. उशीर का झाला ते भाच्याने त्या घरी जाऊन खरं सांगितलं, त्यांनी उरलेले पैसे कापले नाहीत. एसएसडीचे २६०० गेले. वॉरंटीत पाठवायची का असं त्याने विचारलं, मी म्हटलं चुकीची केबल आपण लावली, ते वॉरंटीत बसत नाही, अन् खोटं सांगून पाठवायची नाही. एसएसडी, दुसरा एसएमपीएस, पोर्टेबल असं धरून दहा हजारांच्या वर जादा लागले. पोर्टेबलचे पैसे मी वाया गेले धरत नाही, ती आधीच पाहिजे होती.

नागपूरच्या पोराला फोन केला तर त्याने ड्रॉवर शोधून मूळ केबल तीन आठवड्यांनी पाठवली. खाटेवर दोन्ही शेजारी ठेवल्या. सारख्या काळ्या, सारख्या चपट्या, प्लगला सारख्याच सहा पिना. मोजली तर हिच्या मधल्या पिनेवर ५.०. भाच्याने दुकानवाली उचलली, पक्कडने तिचा प्लग कापला, अन् मूळ केबलला टेप गुंडाळून त्यावर एसएमपीएसचं मॉडेल लिहिलं.

घरात अर्थिंगही करून दिली, जीआय पाइप, मीठ अन् कोळसा. उन्हाळ्यात त्यात पाणी टाकत जायचं एवढं ताईला सांगितलं आहे.

काय वेगळं करता आलं असतं

सगळ्यात आधी, डिस्कला हात लावायच्या आधी डेटाची कॉपी. पीसी जोडायचं ठरलं त्या दिवशी पोर्टेबल घेतली असती तर केबलची चूक ही फक्त पैशाची चूक राहिली असती. याच्यावर मला काही दुसरं मत ऐकायचंच नाही.

केबल मिळाली नाही तेव्हा रस्ते तीन होते, आधीच्या मालकाला मागायची, त्याच कंपनीची त्याच मॉडेलची मागवायची, नाहीतर एसएमपीएसच बदलायचा. दुकानदाराने चार पिनच्या जुन्या मोलेक्सवरून साटा करणारा जोडही दाखवला होता म्हणे, त्यातले प्लास्टिक ओतून बनवलेले स्वस्त जोड आतून शॉर्ट होऊन जळतात, तेही नको. अन् समजा कोणी म्हणालंच की ही केबल चालते, तर डिस्क लावायच्या आधी मधल्या पिनेवर मीटर टेकवायला पाच मिनिटं लागतात. साधा मीटर तीनशेला भेटते.

जोडायचा क्रमही उलटा पाहिजे होता. पीसीला बायोसपर्यंत यायला कोणतीच डिस्क लागत नाही. पहिल्यांदा डिस्कशिवाय चालू करायचा, मग रिकामी डिस्क एकटी लावायची, अन् डेटावाली सगळ्यात शेवटी, बाकी सगळं दोन-चार दिवस नीट चालल्यावर. त्याने पहिल्याच बटनाला दोन्ही लावल्या, घाई होती.

पंखा हलून बंद पडला तर दुसऱ्यांदा बटन नाही दाबायचं, भिंतीच्या बोर्डातून पिन काढायची. अन् ज्या केबलवर एक डिस्क गेली असा संशय आहे तिच्यावर दुसरी चांगली डिस्क लावून कधीच पाहायचं नाही. नवीन माणूस नेमकं तेच करतो कारण आपल्याला वाटते डिस्क खराब, केबल कशी खराब असल. पोर्टेबलमधले ते निम्मे फोटो एका फोनने वाचले.

माझ्याकडून, एक प्रश्न विचारायचा राहिला. आता कोणीही पॉवरची केबल विचारली की मी आधी एसएमपीएसचा फोटो मागतो, मग बोलतो.

डायोडच्या बाबतीत आमचं अजून जमलं नाही. भाचा म्हणतो बरोबर केलं, दोनशे रुपयांत झालं, आठ-दहा हजार वाचले. मला तसं वाटत नाही. मोबाइलवाल्याचा हात चांगला होता अन् १२ व्होल्ट डायोडच्या पुढे गेले नव्हते, या दोन्ही गोष्टी आम्हाला आधी माहीत नव्हत्या. एकच कॉपी असलेली डिस्क परत कधी अशी हातात आली तर मी ती न खोलता पिशवीत घालून नागपूरची गाडी पकडीन, उसने घ्यावे लागले तरी.